लिंक बिल्डिंगवर पैसे घालण्याआधी एवढं तपासा

दुकानाची वेबसाइट तयार झाली की काही दिवसांतच फोन सुरू होतात. "सर, तुमची साइट गुगलवर पहिल्या नंबरला आणतो. पाचशे बॅकलिंक देतो, गॅरंटी आमची." कोल्हापुरात चप्पल, मसाले, कापड, केटरिंग, उमरा टूर अशा धंद्यांतली आपली मुलं आता वेबसाइट करू लागली आहेत. पैसा मात्र घरच्या गल्ल्यातूनच जातो. म्हणून या फोनमागचं गणित घरातल्या मोठ्यांनाही कळायला हवं.

लिंक म्हणजे शिफारस

दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल कंपनी सुरू केली, तेव्हा त्यांच्या पद्धतीचा पायाच हा होता: ज्या पानाकडे चांगली पानं बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचं. म्हणजे मोजणी नुसत्या संख्येची नव्हती, बोट कोण दाखवतंय यालाही वजन होतं. गल्लीतल्या दहा अनोळखी माणसांनी नाव घेण्यापेक्षा जाणत्या एका कारागिराने "त्यांच्याकडे जा" म्हणणं भारी, तसंच हे.

शिफारशीला किंमत आली की ती विकणारेही येतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकान-साखळीचं प्रकरण गाजलं. काही संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिच्या लिंक पेरल्या होत्या. बातमी आली आणि गुगलने कंपनीला निकालांत खूप खाली ढकललं. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आला, तो अशाच बनावट लिंकांवर होता. एवढी मोठी कंपनी सुटली नाही, तिथे आपलं छोटं दुकान कसं सुटेल?

कोणती पद्धत किती कामाची?

विकतचं पॅकेज : शेकडो लिंक ठरावीक पैशांत. नंबर वाढवण्यासाठी लिंक विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. बऱ्याचदा गुगल अशा लिंक मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. कधी थेट कारवाईही होते, मग साइट निकालांतून गायबसुद्धा होऊ शकते.

पैसे देऊन छापलेला लेख : जाहिरात करणं गुन्हा नाही. पण त्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण हवी. अशा लिंकवरून गिऱ्हाईक येऊ शकतं, मात्र नंबर वाढेल या आशेने पैसे देऊ नका.

डिरेक्टरी : जिथे लोक खरोखर दुकान शोधतात, अशा मोजक्या ठिकाणी नाव, पत्ता, फोन सारखाच आणि अचूक द्या. कोणीही न उघडणाऱ्या दोनशे याद्यांचा उपयोग नाही.

कमावलेली लिंक : ही सगळ्यात हळू मिळते आणि सगळ्यात जास्त टिकते.

कमावलेली लिंक कशी असते?

आपल्याच चपलेचं उदाहरण घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशीच चप्पल दाखवली, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, तेव्हा प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची असल्याचं कंपनीने मान्य केलं. लोकांचा राग होता तो मूळ कारागिराचं नाव न घेण्यावर. लिंकही तेच काम करते: माहिती कुठून आली, त्याचं श्रेय देते.

त्या दिवसांत कोल्हापुरी म्हणजे काय, हे जगभरचे पत्रकार शोधत होते. कातडं कसं कमावतात, कापशी कशाला म्हणतात, हाताची शिलाई कशी ओळखायची, हे स्वतःच्या फोटोंसह सांगणारं पान ज्या दुकानाकडे असेल, त्याच्याकडे बोट दाखवायला लेखकाला कारण मिळतं. नुसतं "बेस्ट क्वालिटी, बेस्ट रेट" लिहिलेल्या पानाकडे कोण कशाला बोट दाखवेल? मसालेवाल्याने कांदा-लसूण चटणीचं प्रमाण लिहावं, टूरवाल्याने कागदपत्रांची नीट यादी द्यावी. ज्यांना माल पुरवता ती हॉटेलं, ज्या शाळेच्या कार्यक्रमाला खरोखर मदत केलीत ती शाळा, व्यापारी संघटना, यांच्या साइटवर आपलं नाव येणं हीसुद्धा साधी, सरळ लिंक आहे.

पैसे देण्याआधी विचारा

लिंक कोणत्या साइटवर येणार, त्यांची नावं आधी दाखवा म्हणा. "ते सीक्रेट आहे" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. ती साइट आपल्या धंद्याशी किंवा गावाशी संबंधित आहे का, तिथे खरी माणसं वाचायला येतात का, ते स्वतः उघडून बघा. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. आणि मनाला एकच प्रश्न विचारा: गुगल नसतं, तरी ही लिंक आपल्याला हवी होती का?

वेबसाइटचा पासवर्ड आणि 'सर्च कन्सोल' आपल्याच नावावर ठेवा. ते फुकट आहे. कोणत्या साइट आपल्याला लिंक देतात, शोधातून किती लोक आले, कारवाई झाली आहे का, हे सगळं तिथे दिसतं. काम दिलंच, तर काही महिन्यांनी लिंका मोजत बसू नका, चौकशीचे फोन किती वाढले ते मोजा.

ज्यांचं गिऱ्हाईक शहरातलंच आहे, त्यांनी आधी गुगल मॅपवरची दुकानाची नोंद पूर्ण करावी. वेळा, फोटो, फोन नंबर बरोबर ठेवावेत आणि खऱ्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगावं. त्याला एक रुपयाही लागत नाही. लिंकांचा विचार त्यानंतर करता येईल.