आधी सेल काढा
जुने लॅपटॉप चालते ठेवताना : लेखांक ४

माळ्यावरून किंवा ऑफिसच्या कपाटातून जुना लॅपटॉप खाली आला, की पहिला मोह चार्जर लावून बटण दाबायचा होतो. तो आवरा. खाचा न मोडता लॅपटॉप कसा उघडायचा हे मागच्या लेखांकात पाहिलं; ते आज करायचं, तेही वीज जोडण्याआधी. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या यंत्राचा घात बरेचदा त्याच्याच पोटातल्या सेलनी केलेला असतो.

बॅटरी म्हटलं की खालून निघते तीच आठवते. पण आत आणखी एक असते, लॅपटॉप बंद असताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारी. हिला सीमॉस बॅटरी म्हणतात. नव्वदच्या दशकातल्या तोशिबाच्या अनेक लॅपटॉपमध्ये तिसरीही सापडते. काम अर्धवट सोडलं तरी मेमरी जिवंत राहावी म्हणून दिलेली. त्या काळच्या या आतल्या बॅटऱ्या बरेचदा निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइडच्या असत. दोन्हींत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सील गेलं की हा अल्कली झिरपतो, बोर्डावरचं तांबं खातो, आणि वायरीच्या आवरणाखालून तारेच्या कडेकडेने पार दुसऱ्या टोकाच्या कनेक्टरपर्यंत जातो. त्यामुळे सेल वरून स्वच्छ दिसला तरी वायरीचं दुसरं टोक बघितल्याशिवाय सुटका नाही.

हिरवट-निळी भुकटी दिसली तर सेल कापून टाका आणि जुन्या टूथब्रशने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा. अल्कली सौम्य आम्लाने मरतो. (रस ताज्या लिंबाचा, सरबताच्या बाटलीतला नको, त्यातली साखर बोर्डावर चिकटून बसते.) मग डिस्टिल्ड वॉटरने धुऊन काढा, कारण आम्लही मागे राहिलं तर तेच तांबं खाणार. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवण. त्यानंतर मल्टिमीटर बीपवर ठेवून बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा तपासायच्या. तुटलेली रेघ बारीक इनॅमल तारेने जोडता येते, पण सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराकडे द्यावं.

आता त्या जागी काय बसवायचं? इथे एक सापळा आहे. घरात सीआर २०३२ हा बटण सेल असतोच. तोच दोन वायरींना जोडून टाकावा असं वाटतं. पण जुना सेल चार्ज होणारा होता आणि बोर्ड त्याला अजूनही करंट पाठवत राहील. सीआर २०३२ चार्ज करण्यासाठी नाहीच. तो फुगतो, फुटूही शकतो. तेवढ्याच व्होल्टेजचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक बसवा, नाहीतर जागा सरळ रिकामी ठेवा. माझं मत रिकामी ठेवण्याकडे झुकतं. तारीख दर वेळी भरावी लागेल, इतकंच. मात्र नव्वदीच्या सुरुवातीच्या यंत्रांना हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडेही सेटअपमध्ये द्यावे लागतात. ते बरेचदा डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात. कागदावर उतरवून झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.

थिंकपॅडवाल्यांचं काम सोपं. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत मुळातच ३ व्होल्टचा, चार्ज न होणारा सीआर २०३२ असतो, आवरणात गुंडाळलेला आणि दोन वायरींचा. स्क्रीनवर १६१ आकडा आला तर हा सेल संपला; १६३ म्हणजे तारीख-वेळ भरलेली नाही. नवा घेताना मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत टॅब लावलेला सेल मागा. सेलवर थेट सोल्डर लावू नये, उष्णतेने तो आतून बिघडतो.

सेल काढला की पासवर्ड उडतो, असं विकणारे हमखास सांगतात. थिंकपॅडचा सुरू होतानाचा पासवर्ड तसा उडू शकतो, सुपरवायझर पासवर्ड उडत नाही. तो वेगळ्या चिपमध्ये, वीज नसतानाही टिकेल असा लिहिलेला असतो. जुना थिंकपॅड विकत घेताना पैसे देण्याआधी सेटअप उघडून बघा.

मोठी बॅटरी मेलेली असली तर बहुतेक लॅपटॉप नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर चालतात. अपवाद ठळक आहे तो १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलचा. त्याची लेड-अ‍ॅसिड बॅटरी विजेच्या वाटेतच बसवलेली होती, त्यामुळे ती मेली की चार्जर लावूनही यंत्र सुरू होत नाही. लिथियम बॅटरी किंचितही फुगलेली असेल तर ती लगेच बाहेर काढा. टोचू नका, दाबू नका, ई-कचऱ्यात द्या. आतले सेल बदलून देणारे भेटतात, पण बॅटरीतल्या कंट्रोलरचा पुरवठा मध्येच तुटला तर तो स्वतःला कुलूप लावून घेऊ शकतो. हे त्यांना आधीच विचारा.

अ‍ॅडॅप्टरवरचा आकडाही वाचून घ्या. थिंकपॅड टी४३ ला १६ व्होल्ट लागतात, त्यानंतरच्या टी६० ला २०.

पुढच्या लेखांकात काळी पडलेली स्क्रीन. तोवर एवढं करून ठेवा: लॅपटॉप सुरू करून अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर पॅनेल शाबूत आहे, मागचा दिवा किंवा त्याला वीज देणारा इन्व्हर्टर गेलाय.