पेट्रोल कुठं मुरतं?

उकणी, निलजई, मुंगोलीच्या खाणींतला कोळसा ट्रकांत भरून निघतो आणि वणीच्या आसपासच्या रस्त्यांवर आपली काळी पूड सांडत जातो. अशा मुलखात गाडीचं ॲव्हरेज उतरलं की पहिला संशय एअर फिल्टरवर. तो काढायचा, दोनदा आपटायचा, कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकायचा आणि परत बसवायचा.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात यात तथ्य होतं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. फिल्टर तुंबला की हवेच्या मानानं पेट्रोल जास्त ओढलं जायचं आणि अर्धवट जळून काळ्या धुरासोबत जायचं. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत धुराच्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. हवा कमी पडली की तो संगणकाला कळवतो आणि संगणक पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम तुंबवून हे तपासलं. नव्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही; गाडीची उचल मात्र मंदावली.

म्हणून फिल्टरकडे दुर्लक्ष करावं असं मुळीच नाही. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. ते लोखंडापेक्षा कठीण. सिलिंडरमध्ये शिरले की भिंती घासून काढतात. जोराच्या हवेनं फुंकताना फिल्टरचा कागद विरतो, बारीक भोकं पडतात. उजेडाकडे धरून पाहा. प्रकाशाचा एक टिपका जरी आरपार दिसला तरी तो फिल्टर परत बसवू नका. वणीच्या धुळीत कंपनीनं सांगितलेल्या मुदतीच्या आधीच तो बदलावा लागतो.

मग पेट्रोल जातं कुठं? थोडं टायरमध्ये. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला इथं सर्रास मिळतो, आणि तो मला सगळ्यात धोकादायक वाटतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो. दबलेलं रबर पूर्ववत होताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन टायरमध्येच साचते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना टायर फुटतो तो याच उष्णतेनं. चारही चाकांत १० पीएसआय हवा कमी असली तर पेट्रोलचं नुकसान दोनेक टक्क्यांचंच, पण जिवाला घोर. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावी. ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेला आकडा थंड टायरचाच असतो. भर दुपारी पंपावर काटा तीन-चार पीएसआय वर दिसला म्हणून हवा सोडायची नाही.

खरी गळती ब्रेकमध्ये आहे. १ टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरनं धावते तेव्हा तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे शून्यावरून एवढा वेग घ्यायला साधारण १७ मिलिलिटर पेट्रोल लागतं, तीन-साडेतीन चहाचे चमचे. गतिरोधकाच्या तोंडाशी जाऊन करकचून ब्रेक दाबला की ती सगळी गतिज ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते. घुग्घुसकडे जाताना दहा ठिकाणी असं झालं, तर चहाच्या मोठ्या कपाएवढं पेट्रोल गेलं.

आणखी एक जुनी सवय म्हणजे उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची. इंजेक्शनच्या गाडीत याचा उलटा परिणाम होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरतं पेट्रोल पीतच राहतं. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. पुढच्या कोळशाच्या ट्रकचा लाल दिवा दूरवर लागलेला दिसला की तिथंच पाय उचलायचा. गाडी मंदावत ट्रकपर्यंत पोहोचते, आणि त्यातल्या बहुतेक अंतरात इंजिनात पेट्रोलचा थेंबही जात नाही.