पुनःपुन्हा गोठणारे पाणी आणि खडकाचे बळ

'भेगेत शिरलेले पाणी गोठले म्हणजे खडक फुटतो', हे विधान विदारणाच्या पाठात मुले बिनचूक म्हणून दाखवितात. विधान खरे आहे, परंतु अपुरे आहे. एका रात्रीच्या थंडीने टणक खडक सहसा फुटत नाही. त्याचे बळ हरण करते ती गोठण्या-वितळण्याची पुनरावृत्ती. हे मुलांच्या ध्यानी आले तरच पाठ समजला असे म्हणता येईल.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. खडकातील छिद्रे व भेगा पाण्याने जवळजवळ भरलेल्या असतील आणि पाण्यास बाहेर पडण्यास वाट नसेल, तर बर्फाच्या दाबाने भेग किंचित लांबते. थंडी सावकाश उतरली तर भेगेतील बर्फ आसपासचे पाणी ओढून घेऊनही वाढतो. ऊन पडताच बर्फ वितळतो; पण लांबलेली भेग पूर्ववत मिटत नाही. तीत आता अधिक पाणी मावते आणि पुढची थंडी तिला आणखी वाढविते. म्हणूनच अनेकवार गोठवून वितळविलेले ओले नमुने प्रयोगशाळेतील दाबयंत्राखाली मूळच्यापेक्षा कमी भाराने फुटतात. सच्छिद्र खडक लवकर खचतो, घट्ट खडक दीर्घकाळ टिकतो. कोरड्या खडकाची हानी अल्पच होते.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात कॅनन पर्वताच्या कड्यावर ग्रॅनाइटच्या शिळांची, वृद्ध पुरुषाच्या मुखासारखी दिसणारी सुमारे ४० फूट उंचीची आकृती होती. ती त्या राज्याचे मानचिन्ह होती. शिळा सुटू लागल्याचे पाहून १९१६ मध्ये त्या लोखंडी सळयांनी जखडण्यात आल्या. १९५८ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. तरीही ३ मे २००३ रोजी ती आकृती कोसळली. कित्येक हिवाळ्यांचे काम त्या दिवशी पुरे झाले.

हे तत्त्व वर्गात दाखविण्यास बर्फाची गरज नाही. लोखंडी तारेचा तुकडा एकाच जागी मागेपुढे वाकवावा. पहिल्या वाकण्याने तार तुटत नाही. पुष्कळदा वाकविल्यावर मात्र सहज तुटते. प्रत्येक वेळची इजा लहान असते, परंतु ती साठत जाते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. सह्याद्रीच्या पायथ्याशी पडलेले धोंडे दाखवून ते बर्फाने फुटले असे सांगू नये. महाबळेश्वरास क्वचित पहाटे गवतावरील दव गोठते. परंतु ती थंडी खडकाच्या पोटात शिरत नाही. आपल्याकडे पाऊस, ऊन, झाडांची मुळे आणि खडकातील खनिजांवर होणारी पाण्याची रासायनिक क्रिया हीच खडक फोडतात. बर्फाच्या कार्यासाठी लडाख व स्पितीकडील डोंगरउतारांचे उदाहरण द्यावे. पुस्तकातील कारण आपल्या गावच्या डोंगरास लागू पडते की नाही, हे तपासून पाहण्याची सवय मुलांना लागावी, हाच या पाठाचा खरा लाभ होय.