मलमाने कातडी लाल झाली, म्हणजे बिघडले का?

ऑस्ट्रेलियात उतारवयातल्या गोऱ्या माणसांच्या कपाळावर, टकलावर, हातांच्या मागच्या बाजूला खरखरीत, खवलेदार ठिपके सर्रास दिसतात. हे ॲक्टिनिक केराटोसिस (वर्षानुवर्षांच्या उन्हाने बिघडलेल्या पेशींचे पुंजके). ते कर्करोग नव्हेत, पण काहींचा पुढे होऊ शकतो. त्यावर डॉक्टर फ्लुरोयुरॅसिलचे ५ टक्क्यांचे मलम लिहून देतात. बहुधा दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे.

काही दिवसांत जागा लाल होते, चुरचुरते, मग खपल्या धरते. ‘मलम बाधलं’ असे समजून अनेक जण ते मध्येच सोडतात. प्रत्यक्षात ही बहुतेक वेळा औषध लागू पडल्याची खूण असते. तणनाशक फवारल्यावर तण पिवळे पडले, म्हणून शेत बिघडले असे कोणी म्हणत नाही.

असह्य वेदना, पू, ताप किंवा जुलाब झाले, तर मात्र मलम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे.

थर पातळच हवा. डोळे, नाकपुड्या, ओठ टाळावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, उन्हापासून जपावे. गरोदरपणात ते वर्ज्यच. आणि ट्यूब कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावी: ती चावून कुत्री दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता.