फुफ्फुस पुन्हा नवं होतं का?

कपाशीवर फवारणी सुरू झाली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वर्गात कुणीतरी विचारतंच, "गुरुजी, औषध छातीत गेलं तर फुफ्फुस नवं बनवता येतं का?" प्रश्न उगाच नाही. २०१७ मध्ये इथे फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी, मजूर दगावले.

गुडघा खरचटला की खपलीखाली नवी कातडी येते ना? फुफ्फुसातही तसंच चालतं बरं का! तिथे कोट्यवधी वायुकोश, म्हणजे इवले इवले फुगे असतात. त्यांच्या भिंतीतल्या काही पेशी गवंड्याचं काम करतात. इजा झाली, की एकीच्या दोन होत भिंत बुजवतात. या मूलपेशी. इजा फारच मोठी असली, तर मात्र तिथे कडक व्रण उरतो आणि चालतानाही दम लागतो.

मग मूलपेशी बाहेरून दिल्या तर? २०२० नंतर कोविडच्या रुग्णांवरही तसे प्रयोग झाले. पण फुफ्फुसासाठी हा उपचार अजून प्रयोगातच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नियमांनुसार प्रयोगाबाहेर तो देता येत नाही. जाहिरात वाचून कुणी वावर विकायला निघालं, तर हे जरूर सांगा!

आणि बाबा फवारणीला निघाले की बघा, तोंडावर मास्क आहे की नुसता रुमाल? वारा कुणीकडचा आहे?