टी. नगरच्या पंचांगातला नवरंग

महाराष्ट्रात आपण पक्ष्यांचं वर्ष पावसावरून ओळखतो. चातक ओरडला की पाऊस जवळ आला म्हणायचं, कोकणातल्या राईत नवरंग बोलू लागला की मृगाची तयारी. मी चेन्नईत टी. नगरला राहतो. इथे हे पंचांग उलटं धरावं लागतं.

कारण साधं आहे. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. जूनमध्ये नवरंग आपल्याकडे घरटं बांधत असतो, तेव्हा चेन्नईत कडक ऊन असतं आणि नवरंगाचा पत्ता नसतो. पिल्लं मोठी झाली की तो दक्षिणेची वाट धरतो, काही तर थेट श्रीलंकेपर्यंत. ऑक्टोबरच्या सुमारास तो चेन्नईत उतरतो. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणिकुरुवी’ म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, कारण तो सकाळ-संध्याकाळ त्या सुमारास शीळ घालतो. आपण रंग मोजले, त्यांनी घड्याळ पाहिलं!

चातकाचंही तसंच. जूनमध्ये महाराष्ट्रात येणारे चातक आफ्रिकेहून येतात. दक्षिण भारतात मात्र त्याची एक उपजात बारमाही असते. तिच्या ओरडण्यावर भरवसा ठेवून इथे कोणी छत्री काढू नये.

मांबलम स्टेशनवरून लोकलने दुसरं स्टेशन गिंडी. तिथून पुढे आयआयटी मद्रासचा सुमारे २५० हेक्टरचा कॅम्पस आणि त्याला लागून गिंडी राष्ट्रीय उद्यान. माझी भाची तिथे शिकते. आम्ही रविवारी एकाच वाटेने, एकाच वेळी तासभर फिरतो आणि न दिसलेल्या पक्ष्यांचीही नोंद करतो. सलग कोऱ्या रविवारांनंतर नवरंग दिसला, तरच ‘आला’ म्हणता येतं. तो पालापाचोळा उलटून किडे खातो, त्यामुळे झाडून लख्ख केलेल्या बागेत त्याला काहीच मिळत नाही.

रात्री उडणारा हा पक्षी टी. नगरच्या दिव्यांनी आणि काचांनी गोंधळतो, आपटतो. ऑक्टोबरात गॅलरीत असा दमलेला नवरंग सापडला, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. तरतरी आली तर झाडीजवळ सोडा. पंख लोंबत असेल तर वनविभागाला फोन करा.