हलके फ्लायव्हील आणि त्याला साजेशी क्लच प्लेट

क्रँकशाफ्टला जोडलेले फ्लायव्हील, म्हणजे फिरण्याची ऊर्जा साठवून सिलिंडरमधील स्फोटांचे हिसके सौम्य करणारी जड चकती, हलके केले की इंजिनाचे फेरे झटपट चढतात व उतरतात. मात्र फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने धातू मध्यातून नव्हे, तर कडेने कमी करणे फलदायी ठरते. १९९२ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएसच्या (९६४ मालिका) मूळ आवृत्तीत, नेहमीच्या दुहेरी फ्लायव्हीलऐवजी, म्हणजे लवचीक दुव्याने जोडलेल्या दोन चकत्यांऐवजी, हलके एकसंध फ्लायव्हील होते.

खरी मेख क्लचमध्ये आहे. दुहेरी फ्लायव्हील कंपने स्वतःच शोषत असल्यामुळे त्याच्या जोडीची क्लच प्लेट बहुधा स्प्रिंगविरहित असते, आणि तीच प्लेट एकसंध फ्लायव्हीलवर चढवली, तर कंपने थेट गिअरबॉक्सपर्यंत पोहोचून न्यूट्रलमध्ये क्लचवरचा पाय काढताच दातांचा खडखडाट सुरू होतो, जो पेडल दाबल्यावर थांबतो. मध्यभागी स्प्रिंग असलेली प्लेट तो बराच कमी करते, पूर्णपणे नाही. शिवाय साठवलेली ऊर्जा घटल्याने गाडी सुटताना इंजिन बंद पडण्याचा संभव वाढतो (गर्दीच्या चौकात हे फारच जाचते). म्हणून रोजच्या वापराच्या गाडीत हा बदल टाळलेलाच बरा.